माणूस ओढायचा नाही, गाडी दूर करायची

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महामार्गालगतच्या गावांमधून आलेल्या स्वयंसेवकांसाठी अपघात-बचावाचा दोन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग झाला. त्याच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



नांदेडच्या भूमीवर सेवेविषयी बोलायचे तर दशमेश गुरू गोविंदसिंहजींचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १७०८ साली त्यांनी याच गोदातीरी देह ठेवला. त्याआधी काही वर्षे पंजाबात आनंदपूर साहिबच्या रणधुमाळीत घडलेला भाई कन्हैयांचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. खांद्यावर पखाल घेऊन भाई कन्हैया रणभूमीवर फिरत आणि घायाळांच्या तोंडी पाणी घालीत. त्यात शत्रूचे सैनिकही असत. शिखांनी गुरूंकडे तक्रार केली. भाई कन्हैयांनी उत्तर दिले की, मला तेथे आपला-परका कोणी दिसत नाही, सर्वांच्या ठायी मला आपलेच रूप दिसते. गुरूंनी त्यांना दूषण दिले नाही. उलट मलम आणि पट्ट्या त्यांच्या हाती दिल्या आणि सांगितले की, आता पाण्याबरोबर हेही करीत जा.

या कथेचा पहिला भाग आपण नेहमी सांगतो. मला आज दुसऱ्या भागाकडे लक्ष वेधायचे आहे. भाई कन्हैयांच्या अंतःकरणात करुणा होतीच, ती गुरूंना शिकवावी लागली नाही. गुरूंनी त्या करुणेच्या हाती साधन दिले. घायाळाची तहान भागवणे ही दया झाली. त्याची जखम बांधणे ही विद्या झाली. दयेला विद्येची जोड मिळाली म्हणजे सेवा पूर्ण होते. गेले दोन दिवस या मैदानावर आपण जे शिकलात, ते या दुसऱ्या भागाचेच शिक्षण आहे.

आपल्याकडे करुणेची वाण नाही. रस्त्यावर अपघात झाला की शेतात खुरपणी करणारा माणूस खुरपे टाकून धावतो, धाब्यावर जेवणारा हात न धुता उठतो. उणीव आहे ती त्या धावणाऱ्या हातांना शिकवण्याची. दहा माणसे धावतात, चेपलेल्या मोटारीचे दार हिसडतात, आत अडकलेल्याच्या काखेत हात घालतात आणि जोर लावून त्याला बाहेर ओढतात. हेतू शुद्ध असतो. पण गाडीत शिरताना ज्याची मान मोडलेली नव्हती, त्याची ती बाहेर येताना मोडू शकते. ज्याच्या मांडीचे हाड मोडून आतच राहिले होते, ते बाहेर येताना रक्तवाहिनी फाडू शकते. आपण ज्याला वाचवले असे समजतो, त्याला कधी कधी आपणच कायमचे अपंग करतो. जगभरातील बचाव पथकांत एक सूत्र प्रचलित आहे. गाडीतून माणूस ओढायचा नसतो, माणसाभोवतीची गाडी दूर करायची असते. दोन दिवसांतील बाकी सर्व विसरलात तरी एवढे एक वाक्य घरी घेऊन जा.

एका तासाचे गणित

प्रश्न किती मोठा आहे, याची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दर तासाला एकोणीस. त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातील होती. एखाद्या युद्धात इतकी माणसे गेली असती तर देश हादरला असता. रस्त्यावरचे मरण मात्र एकेकट्याने येते, म्हणून त्याचा आवाज होत नाही. तो आवाज फक्त त्या घरात होतो.

आपल्या भागातील थोर माणसेही यातून सुटली नाहीत. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला धडक बसली. ते मागच्या आसनावर बसले होते. बाहेरून फारशी जखम दिसत नव्हती, पण आत मानेच्या मणक्याला आणि यकृताला जबर इजा झाली होती. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे बीडहून मुंबईकडे निघालेले विनायक मेटे द्रुतगती मार्गावर अपघातात गेले आणि मदत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून राज्यभर चर्चा झाली. एका घटनेने शिकवले की, रक्त दिसत नाही म्हणून माणूस सुखरूप आहे असे समजू नये. दुसरीने शिकवले की, मोठ्यांत मोठा रस्ताही माणूस भेटेपर्यंत निर्जनच असतो.

आता आपला रस्ता पाहा. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जातो. लातूर ते नांदेड हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. एका टोकाला लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या टोकाला नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अहमदपूरच्या आसपास अपघात झाला, तर कोणत्याही बाजूला गेले तरी मोठे रुग्णालय तासाभराच्या वाटेवर. वैद्यकशास्त्र ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणते आणि ज्याची व्याख्या आता मोटार वाहन कायद्यातही आली आहे, तो इजा झाल्यानंतरचा पहिला तास येथे प्रवासातच संपतो. म्हणून १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत आणि आल्यानंतर माणूस गाडीतून मोकळा होईपर्यंत जी मिनिटे जातात, त्यांतील एक-एक मोलाचे आहे. ती मिनिटे डॉक्टरांच्या हाती नाहीत. ती महामार्गालगतच्या गावांच्या हाती आहेत, म्हणजे आपल्या हाती आहेत.

किल्लारीची शिकवण

लातूर जिल्ह्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणराय विसर्जित करून गावे झोपी गेलेली. चार वाजण्याच्या सुमारास धरणी हलली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ अशी गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांत बदलली. सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्या जाड भिंती आणि मातीची माळवदे उन्हापासून राखत होती, तीच छातीवर बसली.

त्या पहाटे पहिला हात कोणाचा पोहोचला? सैन्य आले, डॉक्टर आले, देशभरातून स्वयंसेवक आले. १९६६ साली लातुरात सुरू झालेल्या विवेकानंद रुग्णालयानेही त्या दिवसांत मोठी सेवा केली. परंतु या सर्वांच्या आधी ढिगारा उपसला तो शेजाऱ्याने. अंधारात, पावसात, हाताच्या नखांनी. जगातील प्रत्येक भूकंपाचा अनुभव हाच आहे की, जिवंत निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना आजूबाजूच्या माणसांनीच काढलेले असते.

तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल नव्हते, ते २००६ साली उभे राहिले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ साली आली. आज दोन्ही आहेत. पण पहिला हात शेजाऱ्याचा, हा नियम आजही तसाच आहे. महामार्गावर उलटलेल्या मोटारीचा शेजारी कोण? ज्याच्या शिवारात ती उलटली तो. प्रवासी कोल्हापूरचा असेल, नागपूरचा असेल, त्या क्षणी त्याला दुसरा सोयरा नाही.

पहिली आज्ञा: थांबा

काल सकाळी या मैदानावर आपण एक प्रयोग केला. भंगारातून आणलेल्या मोटारीत एका तरुणाला बसवले, त्याला कण्हायला सांगितले आणि कोणतीही सूचना न देता आपल्याला सोडले. सगळे जण एकाच दारावर तुटून पडले. गाडी तिरपी उभी होती, ती कलली असती तर चार जण तिच्याखाली आले असते. मागच्या आसनावर आईच्या शालीखाली एक बाहुली, म्हणजे लहान मूल, ठेवले होते. ते कोणाला दिसलेही नाही. आज दुपारी तोच प्रयोग पुन्हा झाला. पथकप्रमुखाने हात वर केला, सगळे थांबले आणि एकाने गाडीभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली. मूल पहिल्याच मिनिटात सापडले. दोन दिवसांच्या शिक्षणाचे फलित ते एवढे.

प्रदक्षिणा घालताना काय पाहायचे? आत किती माणसे आहेत, बाहेर फेकलेले कोणी आहे का, गाडीखाली कोणी आहे का. पेट्रोल सांडते आहे का, विजेची तार पडली आहे का, मागून येणारी वाहने आपल्याला पाहू शकतात का. एका सहकाऱ्याने मागे शंभर-दीडशे मीटरवर उभे राहून वाहतूक संथ करायची. रात्री हे काम सर्वांत आधी. दुसऱ्याने १०८ व ११२ ला दूरध्वनी करायचा आणि किलोमीटरचा दगड पाहून नेमके ठिकाण सांगायचे. बचावकर्ताच जखमी झाला, तर एक रुग्ण कमी होत नाही, एक वाढतो.

मग आत बसलेल्याविषयी तीन प्रश्न. पहिला, हा स्वतः बाहेर येऊ शकतो का? शुद्धीत असेल, हातपाय हालत असतील, त्याला स्वतःहून उतरावेसे वाटत असेल, तर आधार द्या आणि उतरू द्या. पूर्वी अशालाही तासभर पट्ट्यांनी बांधून ठेवीत. अलीकडच्या वर्षांत इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासांतून असे दिसले आहे की, अशा रुग्णाने स्वतः सावकाश उतरणे अधिक सुरक्षित असते, कारण आपली मान कशी जपायची हे त्याच्या शरीराला आपल्यापेक्षा अधिक कळते. दुसरा प्रश्न, याचा जीव या क्षणी धोक्यात आहे का? गाडी पेटली आहे, पाण्यात बुडते आहे, श्वास थांबला आहे. असे असेल तर थांबू नका. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, चौघांनी मिळून, लगेच बाहेर काढा. तिसरा प्रश्न, हे दोन्ही नसेल आणि तो खरोखर अडकला असेल, तर घाई नाही. तेथे विद्या सुरू होते.

गाडी स्थिर, मग माणूस

अडकलेल्या माणसाजवळ एकाने जायचे आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळच राहायचे. दोन्ही तळव्यांत त्याचे डोके धरायचे, नाव विचारायचे, बोलत राहायचे. हा मनुष्य काही करीत नाही असे बघ्यांना वाटेल, पण पथकात सर्वांत महत्त्वाचे काम त्याचे आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचे आणि सारखे उचलून पाहायचे नाही. पाणी वा चहा पाजायचा नाही. आपल्याकडे हा मोह अनावर असतो, पण बेशुद्ध होणाऱ्याच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते, आणि पुढे शस्त्रक्रिया करायची झाली तर भूल देताना धोका वाढतो. तहानेने व्याकूळ झालेल्याचे ओठ ओल्या कापडाने टिपले तरी पुरे.

इतरांनी गाडी स्थिर करायची. चाकांना दगड, तळाखाली लाकडी ठोकळे. हातब्रेक ओढायचा, किल्ली काढून दूर ठेवायची. बॅटरी तोडण्यापूर्वी विजेवर चालणाऱ्या काचा खाली घ्यायच्या आणि आसन मागे सरकवायचे, कारण नंतर ते होणार नाही. मग बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडायची. सीएनजीची गाडी असेल तर डिकीतील टाकीची झडप बंद करायची. विजेवर चालणाऱ्या गाड्याही आता आपल्या रस्त्यांवर आल्या आहेत, त्यांतील नारिंगी तारांना हात लावायचा नाही. न उघडलेल्या एअरबॅगपासून अंतर राखायचे. स्टीअरिंगपासून दहा इंच, शेजारच्या प्रवाशाच्या डॅशबोर्डपासून वीस, बाजूच्या पडद्यापासून पाच, हा साधा हिशेब लक्षात ठेवा.

दार हिसडण्यापूर्वी चारही दारे आणि डिकी उघडून पाहा. अनेकदा ‘अडकला, अडकला’ म्हणून ओरड होते आणि प्रत्यक्षात आसनाची कळ दाबून ते मागे सरकवले किंवा पट्टा कापला की माणूस मोकळा होतो. काच फोडायची तर रुग्णापासून सर्वांत दूरची, कोपऱ्यात टोकदार हातोडीने, आणि रुग्णावर चादर पांघरून. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही, करवतीने कापावी लागते. दार वाकवायला पहार चालते, पण छप्पर कापणे, चेपलेला डॅशबोर्ड पायांवरून सारणे ही कामे हायड्रॉलिक कटर आणि स्प्रेडरची. अमेरिकेत मोटारींच्या शर्यतीत अडकलेल्या चालकाला सोडवायला लागणारा वेळ पाहून जॉर्ज हर्स्ट यांनी ही साधने विकसित केली आणि आज जगभर अग्निशमन दले ती वापरतात. ती येईपर्यंत ट्रॅक्टरला साखळी बांधून स्टीअरिंग ओढण्याचा अघोरी प्रकार करू नका. साखळी तुटली किंवा भाग निसटला तर तो रुग्णाच्या छातीवर आदळतो. पेट्रोल सांडलेले असताना वेल्डिंगच्या दुकानातून गॅस कटर आणू नका, एक ठिणगी पुरते. जेसीबी आला तर त्याने गाडी ओढायची नाही, कलणारी गाडी फक्त धरून ठेवायची. मांडी किंवा कंबर जड भाराखाली दीर्घकाळ चेपली असेल, तर डॉक्टर येण्यापूर्वी तो भार एकाएकी उचलू नका. चेपलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळून हृदय थांबू शकते. किल्लारीसारख्या ढिगाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

आपल्या मातीतले अपघात

पुस्तकातील अपघात आणि आपल्या रस्त्यावरील अपघात एकच नसतात. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, ऊस बाहेर आलेला. मागून येणाऱ्या मोटारचालकाला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकची वेळ गेलेली असते. मोटारीचे नाक ट्रॉलीखाली जाते आणि आघात थेट काचेवर, म्हणजे माणसाच्या तोंडावर येतो. अशा वेळी आधी ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढा, चालकाला पुढे हलवू देऊ नका. ट्रॉलीच्या चाकांना ओंडके लावा, कडेला टेकू द्या, मगच मोटारीला हात लावा. अन्यथा मोटार मागे ओढताच उसाचा डोंगर खाली येतो.

दुसरा प्रकार विहिरीचा. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात भगिनी त्यात बुडाल्या. शेतात रोजगाराला निघालेल्या त्या माउल्या. महामार्गाचे नाव नाही, वेगाची नशा नाही, तरी सात घरे उघडी पडली. मराठवाड्यात कठडा नसलेल्या विहिरी गावोगाव आहेत. जाड दोरखंड, हवा भरलेली ट्यूब आणि गळ एवढे साहित्य प्रत्येक गावात एका ठरलेल्या ठिकाणी असावे आणि ते कोठे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असावे. दोर कमरेला बांधल्याशिवाय कोणीही उडी घ्यायची नाही.

तिसरा प्रकार प्रवासी बसचा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस डाव्या अंगावर, म्हणजे दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. दार जमिनीखाली गेले. २५ प्रवासी आतच होरपळले. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर पडले. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेड-लातूरहून पुण्याला जाणाऱ्या अशाच बसमधून आपली मुले प्रवास करतात. बसमध्ये चढताच हातोडी कोठे आहे आणि संकटकालीन खिडकी कोणती आहे हे पाहण्याची सवय त्यांना आपणच लावायची आहे.

कायदा आपल्या पाठीशी आहे

मदतीला जायचे, पण पुढे पोलीस ठाणे आणि न्यायालयाचे खेटे कोण घालणार, ही भीती मध्यमवर्गीय घरांत खोल रुजली आहे. ती पूर्वी निराधार नव्हती. आज ती निराधार आहे, हे ठामपणे सांगायला हवे. जखमीवर आधी उपचार, कागदपत्रे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात बजावले. ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना त्याच न्यायालयाने कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, रुग्ण दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

२०२५ साली केंद्राने गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्या ‘राहवीरा’साठी पारितोषिक २५ हजार रुपये केले. त्याच वर्षी अपघातग्रस्तासाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची योजना आली. आपण पारितोषिकासाठी धावणारे नाही, पण शेजाऱ्याला ही माहिती देण्यासाठी ती आपल्याला ठाऊक हवी. सद्भावना या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्या. कायदा सद्भावनेला अभय देतो, आडदांडपणाला नव्हे. जखमीचे दागिने, पाकीट, भ्रमणध्वनी जसेच्या तसे दोन साक्षीदारांसमक्ष पोलिसांच्या हवाली करायचे. आणि रक्तबंबाळ देहाचे चित्रण करणाऱ्यांना विनयाने, पण निश्चयाने बाजूला सारायचे. तो कोणाचा तरी पिता आहे, त्याच्या घरी बातमी चित्रफितीने पोहोचू नये.

पथक टिकते ते सरावाने

हे सर्व होऊ शकते का? होते आहे. खोपोलीत ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ याच नावाने एकत्र आलेले नागरिक वर्षानुवर्षे मुंबई-पुणे मार्गावर रात्री-अपरात्री धावून जातात. १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे बोरघाटात शिंगरोबा मंदिराजवळ एका वाद्यपथकाची बस दरीत कोसळली आणि तेरा जण गेले. तेव्हा दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत स्थानिक स्वयंसेवक आणि गिर्यारोहक होते. मार्च २०२१ पासून महामार्ग पोलिसांनी ‘मृत्युंजय दूत’ योजनेखाली महामार्गालगतचे ग्रामस्थ, धाबेवाले, पेट्रोल पंपावरील कर्मचारी यांचे गट बांधून त्यांना प्रथमोपचार शिकवण्यास प्रारंभ केला. आपल्या पथकांनी वेगळा सवतासुभा न मांडता आपल्या जवळच्या महामार्ग पोलीस मदत केंद्रात जाऊन नावे नोंदवावीत. जर्मनीसारख्या यंत्रसंपन्न देशातही खेड्यापाड्यांतील अग्निशमन पथके बिनपगारी नागरिकच चालवतात. दिवसा सुतारकाम वा शेती, आणि भोंगा वाजताच कटर घेऊन रस्त्यावर. तेथे लाखो लोक हे काम नागरिकधर्म म्हणून करतात. तो धर्म आपल्याला परका नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलतो. उत्साहात जन्मलेली पथके वर्षभरात विरतात. साहित्य एखाद्याच्या गोठ्यात पडते, दोर उंदीर कुरतडतात, विजेरीचे सेल फुगतात आणि ज्या रात्री गरज पडते त्या रात्री पेटीची किल्ली सापडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सराव. दोन माणसे आली तरी सराव, दहा आली तरी सराव. प्रत्येक सरावात पेटी उघडून यादीप्रमाणे वस्तू मोजायच्या. कोण डोके धरणार, कोण वाहतूक थांबवणार, कोण दूरध्वनी करणार, हे आधी ठरलेले आणि आलटूनपालटून सर्वांनी केलेले असावे. संकटात माणूस आपल्या इच्छेच्या उंचीवर चढत नाही, आपल्या सरावाच्या पातळीवर उतरतो. आणि प्रत्येक वेळी माणूस वाचेलच असे नाही. त्या रात्री घरी जाऊन झोप लागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पथकाने एकत्र बसावे, मनातले बोलावे. खांदा फक्त जखमीला लागतो असे नाही.

घराघरांतले काम

ज्यांना वयामुळे वा अन्य कारणाने रस्त्यावर उतरता येणार नाही, अशा माता-भगिनींना आणि ज्येष्ठांना वाटेल की या कामात आपल्याला स्थान नाही. वास्तविक सर्वाधिक माणसे वाचतील ती आपल्यामुळे, कारण जो अपघात झालाच नाही, त्याच्यासाठी कटर लागत नाही. गाडीत मागच्या आसनावर बसणाऱ्यानेही पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू द्यायची नाही. मुलगा दुचाकीवरून शिकवणीला निघाला की डबा विसरला तरी चालेल, हेल्मेट विसरता कामा नये. आपल्या शेतातील ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या लावायला काही रुपये लागतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांसाठी ही मोहीम प्रत्येक पथकाने हंगामाच्या प्रारंभी कारखान्याच्या दारात उभे राहून करावी. विहिरीला कठडा बांधावा. पाहुणे रात्रीचे निघाले तर आग्रहाने ठेवून घ्यावे. हे लहान संस्कार आहेत, पण एखाद्या घरातील दिवा यांनीच तेवत राहतो.

बंधू-भगिनींनो, उद्या आपण आपापल्या गावी जाल. आपल्याकडे कदाचित महागडी साधने नसतील. पहार, दोरखंड, लाकडाचे ठोकळे, विजेरी, चादर, कात्री आणि पट्ट्यांची पेटी एवढ्यावर सुरुवात होईल. तालुक्याच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाकडे हायड्रॉलिक कटर आहे का, ते चालू आहे का, ते आपल्या गावापर्यंत यायला किती मिनिटे लागतात, याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. नसेल तर निवेदन घेऊन जा, पुन्हा जा, मिळेपर्यंत जा. आपल्या पंचक्रोशीत किती पथके उभी राहिली हा आकडा मला सांगू नका. सहा महिन्यांनी भेटू तेव्हा किती गावांत सलग सहा सराव झाले, तेवढे सांगा. त्या आकड्यावर कोणाचा तरी प्राण अवलंबून आहे. तो कोण असेल हे आज आपल्यालाही ठाऊक नाही, त्यालाही नाही. तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, कोणत्या विचाराचा असेल, हे विचारण्याची गरज त्या वेळी आपल्याला पडणार नाही.